अपवर्तन की विवर्तन?

प्रश्न असा आहे: ध्वनीने लेझरचा झोत वळवणाऱ्या उपकरणांवर लेख लिहितो आहे. ‘ध्वनीमुळे स्फटिकात प्रकाशाचे अपवर्तन होते’ हे वाक्य चालेल का? आणि ‘बायरेफ्रिंजंट’ला मराठीत काय म्हणावे?

वाक्य चालणार नाही. तिथे ‘विवर्तन’ हवे. अपवर्तन म्हणजे माध्यम बदलताना प्रकाश वाकणे; विवर्तन म्हणजे कडेवरून किंवा बारीक रेघांच्या जाळीतून जाताना तो पसरणे, वळणे. गोंधळ का होतो तेही उघड आहे. स्फटिकाच्या बाजूला चिकटवलेली दाबविद्युत (वीज दिली की आकार बदलणारी) चकती थरथरते, ध्वनी आत शिरतो आणि अपवर्तनांक (प्रकाश माध्यमात किती मंदावतो याचे माप) थराथराने कमीजास्त होतो. म्हणजे अपवर्तन हा शब्द आसपास घोटाळतोच. पण झोत वळतो तो या थरांची जाळी बनते म्हणून, आणि जाळीचे काम विवर्तनाचे. सी. व्ही. रामन आणि नागेंद्रनाथ यांनी १९३५-३६मध्ये मांडलेला सिद्धांतही ध्वनीमुळे होणाऱ्या विवर्तनाचाच.

‘बायरेफ्रिंजंट’ला, म्हणजे एका किरणाचे दोन किरण करणाऱ्या स्फटिकाला, ‘द्विअपवर्तनी’ म्हणा. संधी करून ‘द्व्यपवर्तनी’ होईल, पण ते मोठ्याने वाचून पाहा! विश्वकोशात अपवर्तनाला ‘प्रणमन’ म्हटलेले आढळेल. शाळेत ‘अपवर्तन’ शिकवतात, म्हणून मी तेच वापरेन. शब्दांची ही दोन्ही कुळे एका लेखात मिसळू नका.

‘द्विअपवर्तनी’ हे विशेषण नुसते शोभेचे नाही. टेल्युरियम डायॉक्साइडच्या स्फटिकात एका ठरावीक दिशेने अवतरंग (कण तरंगाच्या दिशेला आडवे हलतात असा) सोडला तर तो सेकंदाला जेमतेम ६१६ मीटर जातो. दुसऱ्या अक्षावर अनुतरंग (कण तरंगाच्याच दिशेने मागेपुढे हलतात असा) ४,२०० मीटर. ८० मेगाहर्ट्‌झला अवतरंगाची तरंगलांबी सुमारे ७.७ मायक्रोमीटर भरते, त्यामुळे तांबडा हेलियम-निऑन लेझर साधारण ४.७ अंश वळतो. अनुतरंगाने अंशभरसुद्धा नाही. तेव्हा नुसते ‘ध्वनितरंग’ लिहून भागणार नाही. शिवाय या अवतरंगामुळे सामान्य किरण असामान्य होतो, किंवा उलट (द्विअपवर्तनी स्फटिकातल्या दोन किरणांची ही नावे). दोघांचे अपवर्तनांक वेगळे असल्याने ब्रॅगच्या अटीचे (झोत कोणत्या कोनात पडला तर जोरात वळेल हे सांगणाऱ्या नियमाचे) गणितच बदलते, आणि नेमका कोन साधला तर एकाच उपकरणाला वारंवारतेचा बराच मोठा पट्टा पेलतो. संरचना करणाऱ्याची खरी कसरत इथे, स्फटिक कोणत्या कोनात कापायचा यावर.

‘ध्वनिप्रकाशीय’ लिहिताना ‘नि’ ऱ्हस्व, ‘ध्वनीमुळे’ लिहिताना दीर्घ. आणि किरणाची आंदोलनदिशा सांगताना ‘ध्रुवण’ बरे. ‘ध्रुवीकरण’ चूक नाही, पण वर्तमानपत्रांनी ते मतदारांसाठी इतके वापरले आहे की स्फटिकातही निवडणूक चालू आहे असे वाटते.