नाशिकमध्ये बनवलेल्या २० मिनिटांच्या शॉर्टफिल्मसाठी इंटरनेटवर स्वतःचा प्रेक्षक कसा जमवायचा?
फिल्म लगेच यूट्यूबवर टाकू नका. बरेच महोत्सव आधीच ऑनलाइन आलेली फिल्म घेत नाहीत. तोवर ती पासवर्ड लावून ठेवा. प्रेक्षक मात्र शूटिंगपासूनच जमवायला लागा. गोदाघाटावर पहाटेच्या गर्दीत संवादांचा आवाज स्वच्छ कसा टिपला, एवढंच ४० सेकंदांच्या उभ्या व्हिडिओत दाखवा. आवडलेल्यांना व्हॉट्सॲपवर बोलवा.

बहुतेकांचं इथेच चुकतं. ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये (एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची व्हॉट्सॲपची सोय) २५६ नंबरच बसतात आणि ज्यानं तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही, त्याला मेसेज पोहोचतच नाही. नंबर सेव्ह करायला आधीच सांगा. शिवाय ईमेलची यादी हवीच. उद्या चॅनेल बंद पडलं तरी ती तुमच्याच हातात राहते.

महोत्सव आटोपले की यूट्यूबवर 'प्रीमियर' लावा (ठरलेल्या वेळी सगळे एकत्र बघतात, बाजूला चॅट चालू असतो), इंग्रजी सबटायटल द्या आणि चॅटमध्ये शेवटपर्यंत स्वतः हजर राहा.