हाताला इसब, सतार आणि घरातला लसूण

‘मॅडम, हाताला इसब झालंय. वाजवणं सोडावं लागेल का?’ गाणं-बजावणं करणाऱ्यांकडून हा प्रश्न मला वारंवार येतो, आणि हिवाळ्यात जास्त येतो. सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाच्या सुमारास पुण्याची हवा कोरडी पडते, छोट्या-मोठ्या बैठकाही त्याच दिवसांत असतात. हात फुटतात आणि नेमकी तारीख ठरलेली असते. या प्रश्नाला मी थेट हो किंवा नाही म्हणत नाही. का, ते एका बाईंच्या अनुभवावरून सांगते. त्यांची परवानगी घेतली आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

चाळिशीच्या या बाई सदाशिव पेठेत घरीच सतार शिकवतात. माझ्याकडे समुपदेशनाला आल्या झोप लागत नाही म्हणून. बोलताना डाव्या हाताचा अंगठा मुठीत धरून बसल्या होत्या. विचारल्यावर हात उघडला. अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट, तिन्हींची टोकं कोरडी, खवले धरलेली. तर्जनीच्या पेरावर एक उभी भेग, कडा लालसर. उजवा हात, अगदी मिजराबचं (तार छेडायच्या नखीचं) बोटसुद्धा, स्वच्छ होता.

‘तारेनेच झालंय,’ त्या म्हणाल्या. तार दाबायची ती हीच बोटं, आणि अंगठा दांडीला टेकलेला. निकेलच्या ॲलर्जीबद्दल त्यांनी वाचलं होतं. तारा बदलून झाल्या होत्या. सासूबाईंनी वांगं आणि दही बंद केलं होतं. औषधाच्या दुकानातून आणलेलं मलम लावलं की आठवडाभर बरं वाटायचं, मग दुप्पट खाज. अशा बऱ्याच मलमांत तीव्र स्टिरॉइड, बुरशीचं औषध आणि अँटिबायोटिक एकत्र असतं. ती मनाने लावू नयेत, एवढं मी लगेच सांगितलं आणि त्वचारोगतज्ज्ञांची वेळ घ्यायला लावली.

पण झोप उडाली होती ती वेगळ्याच कारणाने. एका विद्यार्थ्याच्या आईने दारातच विचारलं होतं, ‘ताई, लागण तर होत नाही ना याची?’ पुढच्या महिन्यापासून तो मुलगा यायचा बंद झाला. तेव्हापासून या बाई वाजवून दाखवण्याऐवजी तोंडी सांगूनच शिकवत होत्या. गुरुजींच्या पुण्यतिथीची बैठक जवळ आली होती, तिथे वाजवायला नकार कसा कळवायचा याची वाक्यं रात्री मनात जुळवत होत्या.

इसब एकाचं दुसऱ्याला लागत नाही. हात धरल्याने नाही, एकच सतार दोघांनी वाजवल्याने नाही. गजकर्ण आणि खरूज मात्र लागतात, आणि हातावर ते कधी कधी इसबासारखेच दिसतात, म्हणून डॉक्टरांनी बघणं आवश्यक. निदान झाल्यावर आम्ही एक वाक्य तयार केलं: ‘हे इसब आहे, डॉक्टरांनी तपासलंय, मुलांना लागत नाही.’ ते त्यांनी माझ्यासमोर मोठ्याने म्हणून पाहिलं. पहिल्यांदा आवाज कापला. मग जमलं. पालकांना त्यांनी हे आपणहून सांगितलं, कुणी विचारायची वाट न बघता.

‘म्हणजे हे मनाचंच आहे का?’ हाही प्रश्न त्यांनी विचारला, सगळेच विचारतात. नाही. ताणामुळे खाज वाढते, खाजवल्याने कातडी आणखी दुखावते, त्याने खाज आणखी वाढते. हे चक्र खरं आहे. पण त्वचेचा आजार त्वचेतच असतो. ‘टेन्शन घेऊ नकोस, जाईल’ असं सांगणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो, कारण मग खाज सुटली की माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. खाजेच्या वेळी करायला काहीतरी ठोस हवं. नखं बारीक कापायची. हात शिवशिवला की मूठ आवळून सावकाश तीस आकडे मोजायचे, किंवा ओला गार फडका दाबून धरायचा. हे त्या करू लागल्या.

दुसरी अडचण तालमीतली होती. बोटं फुटल्याशिवाय सतार येत नाही, हे त्या लहानपणापासून ऐकत आल्या होत्या. सुरुवातीला तारेने बोट कापतं, मग घट्टा पडतो, हे खरंच आहे. पण घट्ट्याला खाज येत नाही, त्यातून पाणी येत नाही. रियाजाचं दुखणं समजून इसब सोसत राहिलेले वादक मी बरेच पाहिले आहेत, आणि त्या सोसण्यात आजार जुना होतो.

मी त्यांना सकाळपासून रात्रीपर्यंत हाताला काय काय लागतं ते लिहायला सांगितलं. भांड्यांचा साबण, कपडे, टोमॅटो, कणीक, तारा, बोटांना लावायचं खोबरेल, सगळं. ती वही घेऊन त्या त्वचारोगतज्ज्ञांकडे गेल्या. डॉक्टरांनी वही वाचली, बोटं पाहिली आणि विचारलं, ‘लसूण तुम्हीच सोलता?’

उजवा हात सुरीचा. पाकळी धरायची ती डावा अंगठा, तर्जनी आणि मधल्या बोटात. लसणाच्या ॲलर्जीने होणारं इसब बहुधा याच तीन बोटांवर उठतं. पॅच टेस्ट झाली. यात संशयित पदार्थ लावलेल्या पट्ट्या पाठीवर चिकटवतात, ४८ तासांनी काढतात आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पुन्हा बघतात. तेवढे दिवस पाठ ओली करायची नसते. लसणाला पाठ लाल झाली, निकेलला काहीच नाही. 

मला वाटलं, आता सोपं आहे. हातमोजे घालून भागत नाही, कारण लसणातलं ॲलर्जी करणारं रसायन, डायअलाइल डायसल्फाइड, बहुतेक हातमोज्यांतून आरपार जातं. म्हणजे लसूण दुसऱ्या कुणीतरी सोलायचा, एवढंच. त्यावर बाई गप्प झाल्या. मग म्हणाल्या, ‘घरात कोणाला सांगू? पाच माणसांचं करते मी.’ सतार सोडायची त्यांची तयारी होती, लसूण सोलायला दुसऱ्याला सांगायची नव्हती.

आमच्या भेटींतला सर्वांत जास्त वेळ यावर गेला. एकदा नवऱ्याला सोबत बोलावलं. त्यांना बायकोच्या बोटांवर भेग आहे हे माहीत होतं, बैठक रद्द होणार आहे हे माहीत नव्हतं. ‘एवढंच ना? मी आणि बंड्या बसतो रविवारी,’ ते म्हणाले. बंड्या म्हणजे त्यांचा कॉलेजातला मुलगा. आता आठवड्याचा लसूण ते दोघं सोलून बरणीत भरतात आणि चिरतात-ठेचतातही तेच. भांड्यांना बाई आत सुती आणि वर रबरी मोजे घालतात.

रियाज बंद केला नाही. भेग उघडी असेपर्यंत डाव्या हाताला सुट्टी. मोकळ्या तारेवर मिजराबचे बोल, दा रा दिर, लयीच्या पटीत. पलटे, म्हणजे सरावाच्या स्वररचना, गाऊन. मींड, म्हणजे तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणं, सर्वांत शेवटी, कारण तार ओढताना बाजूचा ताण भेग पुन्हा उघडतो. डॉक्टरांनी दिलेलं स्टिरॉइड मलम ठरलेले दिवसच. ‘स्टिरॉइड’ शब्दाला घाबरून लोक कणभर लावतात. साधारण माप असं की ट्यूबमधून बोटाच्या शेवटच्या पेराएवढी रेघ, म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, मोठ्या माणसाच्या दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते. हात कोमट पाण्याने धुवायचे, अंगठी काढून. झोपताना पेट्रोलियम जेली, वर सुती मोजे. रियाजाआधी अर्धा तास काही लावायचं नाही, नाहीतर बोट तारेवरून घसरतं.

बैठकीत त्यांनी मींडेचा आलाप आटोपशीर ठेवला, द्रुत गत (जलद लयीतली रचना) आणि ‘झाला’ हा शेवटचा वेगवान भाग जास्त वाजवला. पुढे भर पावसाळ्यात लग्नघरी मदतीला गेल्या, तिथे लसूण निवडत बसल्या आणि तिन्ही बोटं पुन्हा उठली. त्या दिवशी फोन आला तेव्हा आवाजात घाबरेपणा नव्हता. मलम सुरू केलं होतं. कातडी वरून बरी दिसली तरी पूर्ववत व्हायला काही महिने लागतात, म्हणून जपणं चालूच ठेवायचं.

तुमचं वाद्य वेगळं असेल तर संशयितही वेगळे. व्हायोलिनच्या गजाला लावायची राळ ही ॲलर्जीसाठी ओळखीची वस्तू आहे. तबल्याला लावायच्या पावडरने हात कोरडे पडतात. सतारीचे पडदे जर्मन सिल्व्हरचे असतील तर त्यात निकेल असतं, आणि ते कोणाला तरी खरंच बाधेलही. तेव्हा वाद्याचा संशय जरूर धरा, पण वहीत स्वयंपाकघर आणि मोरीही लिहा. भेगेतून पू येऊ लागला, हात सुजला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला, तर वही राहू द्या. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.