भाची आठवीत आहे. गावातल्या पोट्ट्याने तिला थापड मारली, तरी ती त्याच्याशीच बोलते. ती कोणाशी काय बोलली हे त्याला आधीच माहीत असतं. भाऊजी म्हणतात शाळा बंद करा. काय करावं?

शाळा बंद करू नका. खेड्यात पहिला उपाय हाच निघतो आणि सगळ्यात वाईटही हाच. शाळा सुटली की मैत्रिणी, बाई, मुलींना शाळेत नेणारी मानव विकासची निळी बस, सगळंच सुटतं. आईबाप कापूस वेचायला वावरात, पोरगी घरी एकटी, आणि बोलायला फोनवर तेवढा तो उरतो.

थापडेपेक्षा तुमची ही ओळ मला जास्त खटकली: "ती कोणाशी काय बोलली हे त्याला आधीच माहीत असतं." तिच्यासमोर, तिला विचारून, व्हॉट्सअ‍ॅप उघडा. वरची तीन टिंबं, मग 'लिंक्ड डिव्हाइसेस'. तिचा फोन दोन मिनिटं त्याच्या हातात मिळाला तरी त्याच्या मोबाइलवरचा कोड तिच्या फोनने स्कॅन करून तिचं व्हॉट्सअ‍ॅप तिकडे जोडता येतं. मग तिचा प्रत्येक मेसेज तिकडेही दिसतो. अनोळखी नाव दिसलं तर आधी यादीचा स्क्रीनशॉट, मग लॉग आउट, मग फोनचं लॉक बदला. लॉग आउट झाल्याचं त्याला लगेच कळतं आणि राग दुसऱ्या दिवशी फाट्यावर निघतो. म्हणून आठवडाभर बसपर्यंत कोणीतरी सोबत जा. ब्लॉक त्यानंतर. धमक्यांचे स्क्रीनशॉट नंबर आणि तारखेसकट ठेवा. एकदाच दिसणारा फोटो किंवा मेसेज असेल तर दुसऱ्या मोबाइलने टिपा. मात्र तिचा स्वतःचा तसला फोटो कुणालाही, नातेवाइकालाही, पुढे पाठवू नका.

"त्याच्याशी का बोलतेस?" विचारलं की ती गप्प होते. "तू नाही म्हटलं तर तो काय करतो?" हे विचारा. या वयात संशयालाच जीव लावणं समजतात.

तसले फोटो मागितले, ते पसरवायची धमकी दिली किंवा वाईट हेतूने अंगाला हात लावला, तर प्रकरण पॉक्सोत, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांच्या कायद्यात जातं. 18 च्या आत तिची संमती धरली जात नाही. 1098 या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन करा. पोलिसांना जबाब तिच्या घरी घेता येतो, आणि अधिकारी गणवेशात नसावा असं कायदाच सांगतो.

भाऊजींची पुढची पायरी "लगीन लावून टाका" ही असेल, तर ऐकवा: बालविवाह हा गुन्हा आहे आणि गावात तो रोखणारा अधिकारी ग्रामसेवकच (आता पदाचं नाव ग्रामपंचायत अधिकारी) असतो.

एक राहिलं. पोरगाही 18 च्या आतला असेल तर त्याचं प्रकरण बाल न्याय मंडळापुढे जातं. चावडीवर त्याला चोप देऊ नका; त्याचा वचपा तो तिच्यावरच काढेल.