चीनच्या हवाई दलात राजकीय अधिकारी नेमकं काय करतो? विमान न उडवणारा माणूस तिथे प्रमुख कसा झाला?

तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच माणसाच्या आयुष्यात सापडतं. वू फाशियेन त्याचं नाव. मी आपल्या हवाई दलात विमानांच्या देखभालीवर वीस वर्षं काढली आणि निवृत्तीनंतर चीनच्या सैन्याबद्दल हाती लागेल ते वाचत गेलो. फिरून फिरून मी याच माणसापाशी येऊन थांबतो.

आधी पद समजून घ्या. आपल्याकडे स्क्वाड्रनमध्ये कमांडिंग ऑफिसरचा शब्द शेवटचा. चीनमध्ये रेजिमेंटपासून वर प्रत्येक ठिकाणी दोन खुर्च्या असतात, एक कमांडरची आणि एक राजकीय कमिसारची, आणि दोघांचा दर्जा बरोबरीचा. लहान तुकड्यांतही हेच काम करणारा माणूस असतो, फक्त हुद्द्याचं नाव बदलतं. उड्डाण, सराव, युद्ध हे कमांडरकडे. बढतीसाठी कोणाचं नाव पुढे जाणार, कोणावर विश्वास टाकायचा, पक्षाचे वर्ग, शिस्त, जवानांच्या घरच्या अडचणी हे कमिसारकडे. मोठे निर्णय तिथल्या पक्षसमितीत होतात. हे सैन्य देशाच्या सरकारचं नसून कम्युनिस्ट पक्षाचं आहे आणि ही गोष्ट ते उघडपणे सांगतात. 1927 साली च्यांग्शी प्रांतातल्या सान्वान गावी माओंनी प्रत्येक कंपनीत पक्षाची शाखा बसवली, तिथून ही पद्धत चालत आली आहे.

वू त्याच च्यांग्शीतल्या युंगफंगचा. जन्म 1915 चा. 1930 मध्ये, पंधराव्या वर्षी, कम्युनिस्टांच्या लाल सैन्यात गेला, त्या सैन्याची हजारो किलोमीटरची पायी माघार, म्हणजे लाँग मार्च, चालला आणि राजकीय कामातच वर चढत गेला. नोव्हेंबर 1949 मध्ये हवाई दल उभं राहिलं तेव्हा चीनकडे वैमानिकच मूठभर होते. पहिला कमांडर ल्यू यालौ हासुद्धा जमिनीवरच्या लढायांतला सेनापती. म्हणजे विमान न उडवलेल्या माणसाने प्रमुख होण्यात त्या काळी कोणालाच नवल नव्हतं. वू आधी उपकमिसार होता, 1955 साली लेफ्टनंट जनरल झाला, 1957 मध्ये हवाई दलाचा राजकीय कमिसार. 1965 च्या मे महिन्यात ल्यू यालौ वारला आणि संरक्षणमंत्री लिन पिआओच्या मर्जीने वू कमांडरच्या खुर्चीत बसला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर हेच: त्या खुर्चीसाठी विश्वासू माणूस हवा होता, आणि विश्वासू कोण हे ठरवण्यातच वूची सगळी नोकरी गेली होती.

माओंनी 1966 मध्ये विरोधकांच्या सफाईची जी मोहीम उघडली, त्या सांस्कृतिक क्रांतीत त्याने जे केलं ते वाचताना मला फार त्रास होतो. पुढे त्याच्यावर खटला चालला, त्यात हवाई दलातल्या 174 जणांच्या छळाचा ठपका त्याच्यावर आला. त्यांतले दोघे जिवाला मुकले. एक होता ल्यू शानबन. हा कम्युनिस्टांचा शत्रू च्यांग कै-शेकच्या हवाई दलातला वैमानिक, 1946 साली बी-24 बाँबर घेऊन थेट येनानला, कम्युनिस्टांच्या बाजूला उतरला होता. ज्यांच्यासाठी त्याने जीव धोक्यात घातला त्यांनीच 1968 मध्ये त्याचा जीव घेतला. याला मी माफ करू शकत नाही. माणसांची निष्ठा पारखणं हे ज्याचं कामच होतं, त्याला ल्यू शानबनची निष्ठा दिसली नाही.

दुसरीकडे लिन पिआओचा मुलगा लिन लिगुओ. 1967 मध्ये हवाई दलात आला आणि 1969 च्या ऑक्टोबरात, चोवीस वर्षांचा असताना, वूने त्याला ऑपरेशन्स विभागाचा उपप्रमुख केलं. हवाई दलातली प्रत्येक गोष्ट लिन लिगुओला कळवायची आणि त्याने काहीही हलवावं, असं नंतर ठरलं. कमिसारची जागा असतेच मुळी दल कोणा एका घराण्याच्या हाती जाऊ नये म्हणून. तिथेच घडलेल्या माणसाने दल एका घराच्या हाती दिलं.

मग 12 सप्टेंबर 1971 ची रात्र, माओंशी बिनसलेला लिन पिआओ बायको-मुलासह विमानाने देशाबाहेर पळाला ती. पंतप्रधान चौ एन-लायनी वूला फोन करून विचारलं की शान्हायक्वानच्या विमानतळावर ट्रायडंट जातीचं जेट विमान गेलंय का. वूने आपल्या हाताखालच्या अधिकाऱ्याला विचारलं. त्याने खोटं सांगितलं की चाचणीचं उड्डाण आहे, आणि वूने तेच वर कळवलं. चौंचा हुकूम सुटला की चौघांचा एकत्र आदेश असल्याशिवाय ते विमान उडवायचं नाही. त्या चौघांत वूचं नाव होतं. तरी मध्यरात्री साडेबाराच्या सुमाराला 256 क्रमांकाचं ते विमान उडालं. को-पायलट नाही, नॅव्हिगेटर नाही, टाकी पूर्ण भरलेली नाही, आणि निघताना उजवा पंख इंधनाच्या बाउझरला, म्हणजे टँकरला, घासला. मी कितीतरी वेळा रात्री बाउझर मागे घेताना पंखाच्या टोकाशी हात वर करून उभा राहिलोय. पायलटने एफ-700 या देखभालीच्या नोंदवहीवर सही केल्याशिवाय आमच्याकडून विमान जागचं हलत नसे. म्हणून ते वाक्य वाचलं की पोटात खड्डा पडतो.

वू त्या वेळी बीजिंगच्या पश्चिम उपनगरातल्या विमानतळावर होता, चौंनी पाठवलेला माणूस शेजारी बसलेला. रडारवर विमान मंगोलियाच्या हद्दीकडे सरकत होतं. पाडायचं का, असं त्याने विचारलं. माओंचं उत्तर चिनी म्हणीत आलं: पाऊस पडायचा तर पडणार, आईला पुन्हा लग्न करायचं तर करणार, जाऊ द्या त्याला. अडीचच्या सुमाराला विमान मंगोलियात उंदुरखानजवळ कोसळलं. लिन पिआओ, त्याची बायको, मुलगा धरून नऊही जण गेले.

24 सप्टेंबरला वूला अटक झाली. 1980 च्या नोव्हेंबरात खटला उभा राहिला, जानेवारी 1981 मध्ये सतरा वर्षांची शिक्षा झाली, आणि त्याच वर्षी आजारपणामुळे त्याला तुरुंगाबाहेर सोडलं. उरलेलं आयुष्य शांतुंग प्रांतातल्या जीनानमध्ये गेलं. 17 ऑक्टोबर 2004 रोजी तो तिथेच वारला. त्याच्या आठवणींचं पुस्तक मागाहून, 2006 मध्ये, हाँगकाँगला छापलं गेलं. त्याची मुलगी अमेरिकेत इतिहासाची प्राध्यापक झाली आणि तिने संशोधनाला विषय घेतला तो याच रात्रीचा.