कोलंबसला येताय, तर चर्चच्या बालवाडीआधी रुग्णालयाचं बघा

तू 'काकू' म्हणून लिहिलंस, म्हणून सरळ अरे-तुरे करते. तुझे प्रश्न तीन. कंपनी एल-वनवर, म्हणजे कंपनीतल्या बदलीच्या व्हिसावर, ओहायोतल्या कोलंबसला पाठवतेय आणि घराजवळची परवडणारी बालवाडी चर्चच्या तळघरात भरते, तर लेकीला ख्रिश्चन करतील का? अमेरिकेत सरकार चर्चना पैसे देतं हे खरं का? आणि राष्ट्राध्यक्ष बदलला की हे सगळं बदलतं का? बायको पाच महिन्यांची गरोदर आहे हे मात्र तू शेवटी, जाता जाता लिहिलंस. मला विचारशील तर काळजी करायची ती तिथे, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

२००७ साली इथे माझं दुसरं सिझर ठरलं होतं. पोट उघडलेलं असतानाच कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रियाही उरकून घ्यायची, असं मी डॉक्टरबाईंना सांगून ठेवलं होतं. आपल्याकडे हे सर्रास होतं, त्यामुळे त्यात विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. आठव्या महिन्यात त्या ओशाळून म्हणाल्या, "या रुग्णालयात मला ते करता येत नाही." रुग्णालय कॅथलिक होतं. डॉक्टरबाई स्वतः हिंदू, मीही हिंदू, पण नियम बिशपांचा. गर्भनिरोधन, नसबंदी, गर्भपात, आयव्हीएफ या सगळ्याला त्यांची नियमावली नाही म्हणते. विमा बदलायला उशीर झाला होता. दोन महिन्यांनी दुसऱ्या रुग्णालयात पुन्हा भूल, पुन्हा टाके आणि पुन्हा बिल.

अमेरिकेतल्या साधारण सात रुग्णांपैकी एक कॅथलिक रुग्णालयात असतो, आणि मेडिकेअर-मेडिकेडचा, म्हणजे वृद्धांच्या आणि गरिबांच्या आरोग्यविम्याचा, सरकारी पैसा या रुग्णालयांनाही मिळतो. मग सरकारी पैसा घेऊन नाही कसं म्हणता येतं? तर १९७३ सालीच संसदेने लिहून ठेवलंय की, सरकारी मदत घेतली म्हणून रुग्णालयावर नसबंदी किंवा गर्भपात करण्याची सक्ती होत नाही. या तरतुदीला 'चर्च अमेंडमेंट' म्हणतात. गंमत म्हणजे ते नाव फ्रँक चर्च नावाच्या सिनेटरवरून पडलंय! आपल्याकडे धर्मादाय रुग्णालयाला सवलतींच्या बदल्यात दहा टक्के खाटा निर्धनांसाठी आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी ठेवाव्या लागतात. पाळतात किती हा भाग वेगळा, पण धर्मादाय आयुक्तांकडे तक्रार तरी करता येते. इथे तसला आयुक्त शोधू नकोस. विम्याच्या यादीतल्या डॉक्टरना पहिल्याच भेटीत विचार, "बाळंतपण कोणत्या रुग्णालयात करता, आणि तिथे काय करत नाहीत?" नावात 'सेंट' असलं की ओळखता येतं, पण प्रत्येक ठिकाणी ते असतंच असं नाही.

आता पैशाचं. सरकार धर्मसंस्थांना पैसे देतं हे खरं आहे, आणि नवीन नाही. वॉशिंग्टनमध्ये नन्सच्या रुग्णालयाला सरकारी पैशाने इमारत बांधून देण्यावर खटला झाला होता. १८९९ साली सर्वोच्च न्यायालयाने ते चालेल असं सांगितलं. पूजाअर्चेला पैसा नाही, सेवेला आहे, असा साधारण हिशेब. महिन्यातून एकदा आमच्या मंडळातल्या चार-पाच जणी एका चर्चच्या अन्नछत्रात पिशव्या भरायला जातो. तिथे एका फळीवर सरकारच्या कृषी खात्याकडून आलेले डबे असतात. ते घ्यायला येणाऱ्याला प्रार्थनेला बसवता येत नाही. ज्यांना हवी त्यांच्यासाठी प्रार्थना वेगळ्या खोलीत असते. पाद्रीबाबा हे काटेकोर पाळतात, कारण नाही पाळलं तर डबे बंद होतील.

पण हाच पैसा पालकांच्या हातून गेला की नियम पालटतो. सरकार कुटुंबाला व्हाउचर, म्हणजे खाजगी शाळेच्या फीसाठी पैसे, देतं आणि शाळा कुटुंब निवडतं, त्यामुळे धर्मशिक्षण झालं तरी चालतं. याचा मोठा खटला आपल्याच ओहायोतला, क्लीव्हलँडचा, २००२ सालचा. २०२३ मध्ये ओहायोने शाळेची व्हाउचर जवळजवळ सगळ्यांना खुली केली. जून २०२५ मध्ये कोलंबसच्याच, म्हणजे फ्रँकलिन काउंटीच्या, न्यायाधीशांनी योजना घटनाबाह्य ठरवली, पण अपील होईपर्यंत ती चालू ठेवली. तेव्हा लेक पहिलीत जाईपर्यंत काय होईल त्यावर गणित मांडू नकोस. सरकारी शाळा फुकट आहे आणि तिथे धर्मशिक्षण नाही. घर भाड्याने घेताना शाळेचा इलाका बघ, एवढं पुरे.

बालवाडीबद्दल सांगायचं तर तू फी भरणार, म्हणजे हे खाजगी काम. जेवणाआधी हात जोडायला शिकवतील, नाताळात गोठ्याचा देखावा करतील, नोहाच्या नावेचं गाणं म्हणतील. माझा मुलगा घरी येऊन डोळे मिटून 'आमेन' म्हणायचा. सासूबाईंनी त्याला 'वदनी कवळ'ही शिकवलं. महिनाभर तो दोन्ही म्हणायचा आणि भात गार व्हायचा. कॉन्व्हेंटमध्ये नंबर लागावा म्हणून रांगा लावणाऱ्या आपल्या लोकांनी याचा फार बाऊ करू नये. भारतातल्या अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय धर्मशिक्षण देता येत नाही, हे घटनेच्या २८व्या कलमात आहे. या बालवाडीत तुला तो आधार नाही. म्हणून प्रवेशाआधी दिवसाचं वेळापत्रक मागून घे, आणि चॅपलच्या, म्हणजे प्रार्थनेच्या, तासाला मुलीला बाहेर बसवतील का ते विचार. काही ठिकाणी हो म्हणतात.

राष्ट्राध्यक्षांचं मी मुद्दाम मागे ठेवलं. १९६० साली केनेडी कॅथलिक म्हणून लोक बिचकत होते. तेव्हा त्यांनी ह्यूस्टनला पाद्र्यांसमोर उभं राहून सांगितलं की, चर्चला किंवा चर्चच्या शाळेला सरकारी पैसा मिळू नये. चाळीस वर्षांनी, २००० च्या निवडणुकीत, बुश आणि गोर दोघेही धर्मसंस्थांना सेवाकामासाठी पैसा देऊ म्हणत होते. मधे १९९६ मध्ये क्लिंटननी सही केलेल्या कायद्याने दार उघडलं होतं. बुशनी शपथ घेतल्यावर नऊ दिवसांत व्हाइट हाउसमध्ये त्यासाठी कचेरी काढली. त्याच कचेरीचा उपसंचालक डेव्हिड कुओ याने पुढे आरोप केला की, तिचा वापर मतांसाठी झाला. ओबामा तरी ती बंद करतील असं आमच्या ओळखीतल्या पुष्कळांना वाटत होतं. ते १ जुलै २००८ ला इथून तासाभरावर झेन्सव्हिलला आले आणि म्हणाले, मी ती वाढवीन. अट एवढीच की, सरकारी पैशावरच्या कामात प्रचार नको आणि नोकरी देताना धर्म बघायचा नाही. सत्तेवर आल्यावर कचेरीचं नाव बदललं, पण धर्म बघून नोकरी देण्याची जुनी मुभा आठ वर्षांत पूर्ण काढली नाही. पुढे ट्रम्प, बायडन, पुन्हा ट्रम्प; प्रत्येकाने पाटी बदलली. आता पॉला व्हाइट या धर्मप्रचारिका तिथल्या प्रमुख आहेत.

पक्ष कोणताही असो, पैसा बंद होत नाही. भांडण अटींवर आणि कोणाला किती यावर असतं. अपवाद निर्वासितांचा. इथल्या अनेक भूतानी-नेपाळी कुटुंबांना सरकारी पैशावर काम करणाऱ्या धर्मसंस्थांनीच बिऱ्हाड थाटून दिलं. जानेवारी २०२५ मध्ये निर्वासितांचा प्रवेश थांबवला गेला, आणि एप्रिलमध्ये कॅथलिक बिशपांनी निर्वासितांच्या कामाचा सरकारबरोबरचा करार पुढे चालवायचा नाही असं जाहीर केलं.

तुला यातलं लागू होतं ते एवढं. देवळाला दिलेल्या देणगीवर करसवलत मिळते, पण त्याच कायद्यामुळे देऊळ उमेदवाराचा प्रचार करू शकत नाही. १९५४ पासूनचा नियम आहे, हल्ली करखात्याने तो चर्चसाठी सैल केल्यासारखं बोलून दाखवलंय. देवळातला कोणी उमेदवाराच्या निधीसाठी जेवणाचं तिकीट विकू लागला तर घेऊ नकोस. ग्रीनकार्ड नसलेल्याने प्रचारनिधीला पैसे देणं बेकायदा आहे. आणि बीएमव्हीत, म्हणजे इथल्या आरटीओत, लायसन्स काढताना मतदार म्हणून नोंदणी करायची का असं कदाचित विचारतील. तिथे घाईत 'हो' म्हणशील तर पुढे व्हिसाच काय, देशात राहणंही धोक्यात येईल. स्पष्ट 'नाही' सांग, आणि सही करण्याआधी कागद वाच.

बायकोची तारीख कळव. डिंक इथल्या दुकानात मिळतो, लाडवांचं माझ्याकडे लागलं.