दातांची कीड : साखर किती, त्याहून किती वेळा

प्रश्न : माझी मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरात आम्ही चॉकलेट आणत नाही आणि रोज सकाळी तिचे दात घासून देतो. तरीही वरचे पुढचे दात तपकिरी होऊन झिजले आहेत व दोन दाढा किडल्या आहेत. खालचे पुढचे दात मात्र चांगले आहेत. रात्री झोपताना ती बाटलीने साखर घातलेले दूध पिते. दुधाचे दात पडणारच, असे सासूबाई म्हणतात. कीड कशामुळे लागली असावी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण केलेले वर्णन रात्रीच्या बाटलीकडेच बोट दाखवते. दातांवरच्या चिकट थरात राहणारे जिवाणू साखरेपासून आम्ल तयार करतात आणि तेथील सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; आकडा जितका कमी तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या कवचातील खनिजे विरघळू लागतात. लाळ हे आम्ल सौम्य करते व गेलेली काही खनिजे परत आणते, पण त्यासाठी तिला साधारण अर्धा ते एक तास लागतो, आणि झोपेत तर लाळ फारच कमी सुटते. त्यामुळे तोंडात बाटली ठेवून झोपलेल्या मुलाच्या वरच्या दातांभोवती गोड दूध तसेच साचून राहते. खालचे दात जिभेच्या आडोशाने आणि जवळच्या लाळग्रंथींमुळे बचावतात. चॉकलेट टाळलेत हे उत्तमच, परंतु दिवसभर थोड्या थोड्या वेळाने बिस्किट खाल्ले तरी दाताला सावरायला उसंत मिळत नाही, म्हणून खाण्याच्या वेळा ठरवून त्यांच्या मध्ये फक्त पाणी द्यावे.

सासूबाईंचे म्हणणे पुढच्या दातांपुरते काहीसे खरे असले, तरी दुधाच्या दाढा दहा ते बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. त्या लवकर गेल्यास मुलीला चावता येत नाही आणि पक्क्या दातांची जागाही आक्रसते. शिवाय सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांमागे पहिली पक्की दाढ येते, जी पुष्कळ पालकांना दुधाचीच वाटते. बाटली आताच बंद करावी, रात्री दात घासल्यावर पाण्याखेरीज काही देऊ नये आणि किमान १००० पीपीएम (दहा लाख भागांत १००० भाग) फ्लोराइडची टूथपेस्ट वाटाण्याएवढीच वापरावी. किडलेल्या दाढा ठणकण्याची वाट न पाहता दंतवैद्यांना दाखवाव्यात.

प्रश्न : माझे वय ६८ आहे. रक्तदाबाची व झोपेची औषधे सुरू झाल्यापासून तोंड कोरडे पडते, म्हणून खडीसाखर चघळतो. आता हिरड्यांलगत दात किडत आहेत. हे वयामुळे का?
– एक वाचक, नागपूर

उत्तर : केवळ वयामुळे नाही. हिरड्या खाली सरकल्याने दातांची मुळे उघडी पडतात आणि मुळांवर कठीण कवच नसल्याने ती अधिक सौम्य आम्लानेही झिजतात. त्यात औषधांमुळे लाळ कमी झाली असेल, तर तासन्तास चघळलेली खडीसाखर फार घातक ठरते. ती सोडून पाण्याचे घोट घ्यावेत किंवा साखरविरहित च्युइंगम चावावे. औषधे मात्र आपल्या मनाने बंद करू नयेत. कोरडेपणा आपल्या डॉक्टरांना सांगितल्यास कधी मात्रा, तर कधी औषध बदलता येते. दंतवैद्यही मुळांवर जादा फ्लोराइडचा लेप लावू शकतात.