'निम्मा खर्च आमचा' म्हणजे कशाच्या निम्मा, ते आधी लिहून घ्या

तुमची लेक अकरावीत, सॉफ्टबॉलमध्ये कॅचर, अमेरिकेतल्या डिव्हिजन वनच्या (कॉलेज खेळांचा सगळ्यात वरचा गट) असिस्टंट कोचचा फोन आलाय, 'निम्मा खर्च आमचा' म्हणतायत आणि पोरीला बायोलॉजीच करायचंय. तुमचं हे वाचलं आणि सहा वर्षांपूर्वीचं आमचं घर आठवलं. खेळायला पात्र ठरण्यासाठी शाळेत लागणारे १६ कोअर कोर्सेस वगैरे तुम्ही पाहिलं असेलच, त्यात शिरत नाही.

आमचंही सगळं बोलणं असिस्टंट कोचशीच व्हायचं. बाई मनाने चांगली. सीझन फेब्रुवारी ते मे, बाहेरगावी सामने असले की संघ गुरुवारीच निघणार आणि लॅब नेमकी शुक्रवारी. ती म्हणाली, "लॅब उन्हाळ्यात करू दे, समरची फी आम्ही बघू." आम्ही साधी ईमेलसुद्धा मागितली नाही. दुसरं वर्ष संपता संपता तिला दुसरीकडे नोकरी लागली, ती गेली. खेळाडूंच्या अभ्यासाचं बघणारं ऑफिस म्हणालं, पैशाचं फायनान्शियल एडला विचारा. ते म्हणाले, अ‍ॅथलेटिक्सला विचारा. तीन आठवडे टोलवाटोलवी झाल्यावर प्रश्न आला, "लेखी काही आहे का?" नव्हतं. दोन उन्हाळ्यांची फी, राहणं, जेवण, सगळं आम्ही भरलं.

पैशाचं एक वेळ सोडा. त्याच अभ्यासाच्या ऑफिसने लेकीला मेजर (पदवीचा मुख्य विषय) बदलायला सांगितलं, कारण तिसऱ्या वर्षाआधी पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण नसेल तर खेळता येत नाही. नियम खरा आहे. पण तिला पुढे मेडिकलला जायचंय, हे तिथे एकानेही विचारलं नाही. तो राग अजून गेलेला नाही.

म्हणून विचारा: निम्मा खर्च नुसत्या ट्यूशनचा की राहण्या-जेवणासकट? किती वर्षं? मार्कांवर स्कॉलरशिप मिळाली तर ती वेगळी, की यातूनच वजा? समरचं काय? उत्तरं हेड कोचकडून, लेखी. सरकारी युनिव्हर्सिटी असेल तर हेड कोचचं काँट्रॅक्ट बहुधा बघायला मिळतं, किती वर्षं उरलीत ते पाहा.

मी वकील नाही आणि आमच्या वेळचे नियम बदललेत. तेव्हा एका संघाला १२ स्कॉलरशिप, त्या वीसेक मुलींत वाटायच्या. २०२५ पासून हाऊस खटल्याच्या (खेळाडूंना पैसे देण्यावरून कॉलेज खेळांच्या संघटनेवर झालेला दावा) तडजोडीत सामील झालेल्या युनिव्हर्सिट्यांत ती मर्यादा गेली, त्याऐवजी संघात जास्तीत जास्त २५ मुली. द्यायची मुभा आली म्हणून प्रत्येकीला पैसे मिळतात असं नाही.

आणि 'सराव-सामने मिळून आठवड्याला २० तासच' या नियमावर विसंबू नका. सामन्याचा अख्खा दिवस त्यात ३ तास धरतात, प्रवास धरतच नाहीत.

माझं मत विचाराल तर डिव्हिजन थ्रीसुद्धा बघा. खेळासाठी पैसे नाहीत, पण एमआयटी, एमरी तिथेच खेळतात. आणि फोन आलाय त्या संघाचं गेल्या वर्षीचं वेळापत्रक साइटवर असेल. त्यातले बाहेरगावचे शुक्रवार मोजा आणि संघात बायोलॉजी करणारी तिसऱ्या-चौथ्या वर्षाची मुलगी आहे का, ते कोचला विचारा. असेल तर लेकीलाच तिच्याशी बोलू द्या, आपण मध्ये नको.